परभणीचा उन्हाळा आणि बॉल पायथॉनची पेटी

पुढचे आकडे कशाचे आहेत ते कळावं म्हणून आधी जुजबी माहिती. साप बॉल पायथॉन, मादी, सव्वातीन फूट, नाव गुंडी. जात मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंद आहे, कागद फाइलला आहेत. नाग, धामण, अजगर असा आपल्याकडचा साप घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शेतात सापडलेल्या सापासाठी या नोंदी नाहीत. त्यासाठी वन खात्याला नाहीतर सर्पमित्राला फोन लावा.

गुंडीला लागतं ते असं : पेटीची गरम बाजू ३१-३२ अंश, गार बाजू २६-२७, आर्द्रता ६० ते ७० टक्के, कात टाकायच्या दिवसांत त्याहून थोडी वर. परभणीत भर उन्हाळ्यात बाहेर ४२ अंश आणि दुपारची आर्द्रता पंधरा-वीस टक्के. व्हिडिओंमध्ये बघावं तर जो तो पेटी गरम कशी ठेवायची ते सांगतोय. आपल्याला ती आधी गार करायची आहे, आणि वर ओलही टिकवायची आहे.

२३ मार्च २०२५

कात तुकड्यातुकड्यांत निघाली. मानेपासून पोटापर्यंतची पापुद्र्यासारखी सोलून आली, पण पाठीवर ठिगळं राहिली. शेपटीच्या टोकाला कातीचं कडं अडकलंय आणि डाव्या डोळ्यावरचं भिंग, म्हणजे डोळा झाकणारा पारदर्शक खवला, तसंच आहे. निरोगी सापाची कात मोज्यासारखी उलटी होऊन अखंड निघते, दोन्ही डोळ्यांची भिंगं तिच्यातच असतात. पडलेली कात फेकून देण्याआधी उजेडात धरून भिंगं तपासा.

शेपटीचं कडं सोडून देण्यासारखं नसतं. ते सुकून आवळलं की टोकाचं रक्त थांबतं आणि टोक काळं पडून झडतं. सुती पिशवी कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळली, गुंडीला तिच्यात घालून पिशवी झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ठेवली. अर्ध्या तासाने ती पिशवीच्या घड्यांतून सरकत राहिली आणि पाठीवरची ठिगळं आपोआप सुटली. कडं ओल्या कापसाने हलकं चोळून काढलं. डोळ्याला हात लावला नाही. चिमट्याने भिंग ओढलं तर खालचा डोळा फाटू शकतो. पुढच्या कातीबरोबर निघेल, नाही निघालं तर डॉक्टर.

सध्याची पेटी म्हणजे माशांची जुनी काचेची टाकी, तीन फुटी, वर लोखंडी जाळीचं झाकण, खाली वर्तमानपत्र. आतलं गोल काट्याचं मीटर ५५ टक्के दाखवतंय. ५५ ला कात अशी फाटायला नको. मीटरवर संशय आहे.

२५ मार्च

मिठाची परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात थेंबथेंब पाणी, इतकंच की ओल्या वाळूसारखं व्हावं, विरघळू नये. झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत घालून रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवायचं. पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर काय दाखवतंय ते बघायचं, बस्स.

गोल मीटरचा काटा ५५ वरून ५८ वर गेला आणि तिथेच बसला. म्हणजे इतके महिने ते शोभेलाच होतं. नवं डिजिटल घेतलं, वायरच्या टोकाला प्रोब म्हणजे मोजणारी कांडी असलेलं, ३५० रुपये. ते ७२ दाखवतं. त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून ‘+३’ लिहून टाकलं. इथून पुढचे आर्द्रतेचे आकडे ते तीन मिळवून दिलेत.

प्रोब गार बाजूला, साप जिथे पडून असतो त्या उंचीवर. खरी आर्द्रता निघाली ३१ टक्के.

३० मार्च, गुढीपाडवा

आठवडाभर फवारणी चालू आहे. मी कृषी सेवा केंद्रात बसतो, त्यामुळे हातपंप स्वस्तात मिळाला, पण कोरा घेतला. ज्यात कधीही औषध भरलेलं आहे तो पंप कितीही धुतला तरी सापाजवळ न्यायचा नाही. नळीतल्या रबराला वास राहतो म्हणजे औषधही राहतं.

फवारलं की मीटर ८० वर उडी मारतं आणि आपल्याला बरं वाटतं. तासाभरात ३५. दुपारी तर त्याहून लवकर. आज सण म्हणून दुकान बंद, सकाळपासून समोर बसून बघितलं : जाळीतून ओल वर निघून जाते आणि डोक्यावरचा पंखा तिला खोलीभर पसरवतो. मी पेटीला नाही, परभणीला पाणी घालत होतो.

वर बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे ठिपके धरले आणि पंपाचं नोझल क्षाराने बुजलं. आई म्हणाली, “सापाला पाणी मारायलास, अन् रांजण कोण भरावा?” नळाला रोज पाणी नसलेल्या गल्लीत या प्रश्नाला उत्तर नाही.

३ एप्रिल

झाकण. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक याचाच.

बोर्ड-पाट्या बनवणाऱ्याकडून ॲक्रिलिकचा उरलेला तुकडा जाळीच्या मापाने कापून आणला, १८० रुपये. जाळीवर ठेवला, मागच्या बाजूला दोन बोटांची फट सोडली. दुसरी फट समोरच्या कोपऱ्यात, जिथे वायर आत जाते. फवारल्यावर आर्द्रता आता पहाटेपर्यंत ५० च्या खाली जात नाही. दिवसा मात्र घसरते, कारण खाली वर्तमानपत्र आहे आणि त्याला ओल धरता येत नाही.

काहीजण झाकणावर स्वयंपाकाची प्लास्टिक फिल्म ताणून सगळंच बंद करतात. तसं करू नका. कोंडलेल्या ओल्या हवेत बुरशी येते आणि सापाला छातीचा त्रास होतो.

६ एप्रिल

वर्तमानपत्र गेलं, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आला. इथे माझा धंदा कामाला आला. नर्सरीवाले जे घेतात तेच, पाच किलोची वीट, २६० रुपये. भिजल्यावर सत्तर लिटरच्या आसपास होते, टाकीला अर्धीसुद्धा लागली नाही. घेताना ‘लो ईसी’ म्हणजे धुतलेलं मागा. न धुतलेल्यात मीठ असतं. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर बादलीत भिजवून पाणी फेकायचं, दोनदा-तीनदा. खताची मात्रा मिसळलेलं तयार मिश्रण चुकूनही नको.

ओल किती? शेतकऱ्याला सांगायला सोपं आहे : वाफसा. पेरणीआधी मूठभर माती दाबून बघतो तसं. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये, आणि अंगठ्याने ढकललं की गोळा फुटावा.

पहिल्या भरणीत हा वाफसा चुकला. घमेल्यातून सरळ ओतलं, तळाला पाणी साचलं आणि तिसऱ्या दिवशी टाकीला तळ्याच्या गाळासारखा वास सुटला. सगळं उपसून गच्चीवर सावलीत पसरलं, दीड दिवस गेला. दुसऱ्यांदा चार इंचांचा थर दिला. आता पाणी वरून मारत नाही. चारही कोपऱ्यांत काचेला लागून पेलाभर ओततो. ते तळाला जातं, वरचा इंचभर थर कोरडा राहतो आणि साप त्या कोरड्यावर बसतो. खालची ओल दिवसभर हळूहळू वर येते.

कोकोपीट अगदी कोरडं झालं की पीठ उडतं आणि सापाच्या ओठांवरच्या खाचांत बसतं. म्हणून थोडी नारळाची ढलपी मिसळली.

९ एप्रिल

५८. फवारणी बंद आहे.

१४ एप्रिल

फॉगर. ९०० रुपये पाण्यात गेले, शब्दशः.

पाण्यात बुडवून ठेवायची छोटी चकती, धुकं सोडते. दिसायला झकास. दोन दिवसांत काचेला, सापाच्या पाठीला, पाण्याच्या भांड्याला टाल्कम पावडर मारल्यासारखा पांढरा थर. पाण्यातला क्षार धुक्याबरोबर उडतो, पाणी सुकतं आणि क्षार खाली बसतो. तोच साप श्वासातही घेत असणार. आरओचं पाणी घातलं तर पावडर थांबली, पण दुसरं दुखणं निघालं : धुकं जिथे पडतं तिथला वरचा थर चिंब होतो. म्हणजे कोरडा पृष्ठभाग राखायची सगळी मेहनत वाया. चकती काढून पुतण्याला दिली, त्याने ती गणपतीच्या डेकोरेशनसाठी ठेवून दिलीय.

२१ एप्रिल

आतापर्यंत ओलीचं बघत होतो. आता तापमानाने गाठलं. पत्र्याची खोली नाही, स्लॅबची आहे, तरी दुपारी चारला ३८. बॉल पायथॉनला ३५ च्या वर जास्त वेळ ठेवणं धोक्याचं. गुंडी पाण्याच्या भांड्यात जाऊन बसली होती. ती सहसा भांड्यात बसत नाही. सापाने भांडं धरलं की आधी थर्मामीटर बघायचा, मग अंगावर माइट्स म्हणजे बारीक काळे पिसूसारखे किडे आहेत का ते पाण्यात बघायचे. किडे नव्हते. तापमानच होतं.

कूलर आणला, भाड्याने. बाजूंना लाकडाच्या गवताचे पॅड, तेच बरे. मराठवाड्यात कूलर म्हणजे एका दगडात दोन पक्षी : खोली ३० वर येते आणि आर्द्रता वीसवरून पन्नासच्या पुढे जाते. हवा जितकी कोरडी तितका कूलर जोरात चालतो. याच कारणाने एसी घेतला नाही. एसी गार करतो पण हवेतलं पाणी काढून नळीतून बाहेर सोडतो, आणि आपण इथे थेंब थेंब वाचवतोय.

कूलरची हवा थेट टाकीवर येऊ द्यायची नाही. पहिल्या दिवशी टाकी झोताच्या रेषेत होती. खोलीतलं मीटर ५५ आणि टाकीतलं ४४, कारण वारा फटीतून आत शिरून ओल खेचून नेत होता. टाकी कूलरच्याच भिंतीला, पण झोताच्या बाहेर सरकवली. टाकीत ६२. खिडकी किंचित उघडी लागते, नाहीतर कूलर स्वतःचीच दमट हवा फिरवत बसतो आणि गार करायचं थांबतो.

पाणी जातं भरपूर. हा या कामाचा खरा खर्च आहे आणि तो रुपयांत मोजता येत नाही. कपडे विसळलेलं शेवटचं पाणी कूलरला वापरून बघितलं, साबणाचा वास खोलीभर झाला, बंद केलं. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र आता बादलीत धरतो आणि कूलरलाच घालतो. त्यात क्षार जास्त, पॅडवर खडे धरतात. धरू देत, पॅड दीडशे रुपयांचे आहेत.

२ मे

माठ. ही युक्ती मला फार आवडली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सापाला लपायला बीळ लागतं, आणि ते अंगाला चारी बाजूंनी घासेल इतकं अरुंद लागतं. बाजारात प्लास्टिकचे दगड मिळतात, सहाशे-सातशेला एक. कुंभारवाड्यात काठाला टवका गेलेलं गाडगं मागितलं. मावशीने विचारलं, “कशाला पायजे?” खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मग तोंड मोठं बघून ने. फुगून बसल्यावर निघायची नाही.” चाळीस रुपये. शहाणपणाचे वेगळे घेतले नाहीत.

गाडगं आडवं करून खालचा तिसरा हिस्सा कोकोपीटमध्ये पुरला. तोंडाच्या कडेला पॉलिश पेपर मारला, बोट फिरवून कुठे टोचत नाही ना ते बघितलं. आत पिळलेलं मॉस, ऑर्किडवाले वापरतात ते, मूठभर. रोज सकाळी गाडग्याच्या बाहेरच्या बाजूला पेलाभर पाणी. कच्च्या रंगाचं किंवा आतून चकचकीत केलेलं भांडं नको, साधं भाजलेलं, पाणी झिरपणारंच हवं.

प्रोब आत घातला : बाहेर ६०, गाडग्यात ७८, आणि तापमान बाहेरच्यापेक्षा दोन अंशांनी कमी. सापाला निवड मिळाली. कात जवळ आली की तो आत, एरवी बाहेर.

दहा-बारा दिवसांनी गाडग्याला बाहेरून पांढरा खार फुटला, बोअरच्याच पाण्याचा. व्हिनेगरने पुसून, साध्या पाण्यात रात्रभर बुडवून पुन्हा ठेवलं. आता गाडग्याला आरओचं पाणी.

९ मे

दुपारी दीडला लाइट गेली ती साडेचारला आली. कूलर बंद, खोली ३६ वर चढली. टाकीत ३४. वाढ थांबली ती दोन कारणांनी : ओलं गाडगं, आणि फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून झाकणावर ठेवल्या म्हणून. बाटली टाकीच्या आत ठेवायची नाही. बाहेरून पाणी सुटतं आणि खालचं कोकोपीट भिजून जातं.

टाकीवर ओलं गोणपाट टाकायचा सल्लाही मिळाला होता. गार होतं हे खरं, पण फटी बुजतात आणि दुसऱ्या दिवशी गोणपाटाला कुबट वास. पंख्याखाली, उघड्या बाजूला नुसतं लोंबतं सोडलं तर चालतं. लाइट नसताना पंखा कुठला?

२३ मे

यंदा मे महिन्यातच पाऊस लागून बसलाय. कूलर बंद ठेवूनही खोलीत ७०. कोपऱ्यात पाणी ओतणं थांबवलं.

गुंडीचे डोळे गेल्या आठवड्यात दुधी झाले होते, मग पुन्हा स्वच्छ झाले. डोळे निवळले म्हणजे काही नाही असं समजू नका, कात त्यानंतर काही दिवसांनी पडते. आज सकाळी गाडग्याच्या तोंडाशी अखंड कात. भिंगं तपासली. डाव्या डोळ्याच्या जागी एकावर एक दोन, म्हणजे मार्चमधलं अडकलेलंही निघालं.

१५ जून

टाकी रिटायर. काचेची टाकी वरून उघडते, आणि वरूनच ओल जाते. शिवाय वरून हात घातला की साप दचकतो. समोरून उघडणारी पेटी करायला घेतली, चार बाय दोन बाय दीड फूट.

मिस्त्री प्लायवूडवर अडून बसला होता. “वरून सनमाइका मारतो, दहा वर्षं बघायचं काम नाही.” सनमाइका पृष्ठभागाला ठीक, पण ओल कडांतून शिरते आणि कडा फुगतात. हे त्याच्याच दुकानातल्या मोरीखालच्या कपाटावर दाखवलं तेव्हा गप्प बसला. १२ मिमी पीव्हीसी फोम शीट घेतली. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये एवढी पेटी बसते, कापायचा क्रम असा : आधी तळ आणि छत, मग पाठ, मग दोन्ही बाजू, आणि उरलेल्या फूटभर पट्टीतून समोरचा वरचा आणि खालचा पट्टा. खालचा पट्टा पाच इंच ठेवला, घराच्या उंबऱ्यासारखा, म्हणजे काच सरकवली तरी कोकोपीट बाहेर सांडत नाही.

आतले सगळे सांधे सिलिकॉनने भरले. माशांच्या टाकीचं सिलिकॉन मागा. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते नको. भरल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत साप आत जाणार नाही. आमच्याकडे पावसाळी हवेत आठवडा लागला.

हवेसाठी कपाटाला लावतात त्या गोल जाळ्या : गार बाजूला खाली दोन, गरम बाजूला वर दोन. गरम हवा वरून जाते, खालून नवी येते. प्रत्येक जाळीवर आतून फिरणारी पत्र्याची चकती बसवून घेतली, एका स्क्रूवर. उन्हाळ्यात तीन बंद, पावसाळ्यात चारही उघड्या. या चकत्यांचे मिस्त्रीने वेगळे पैसे लावले आणि कुरकुरही केली, पण पेटीत ऋतू बदलायची सोय तीच आहे. काचेला छोटं कुलूप सक्तीचं.

खर्च : शीट २,६००, सरकत्या काचा ९५०, ट्रॅक-सिलिकॉन-जाळ्या ६००, मजुरी १,२००. घरात आणल्यावर कळलं की दरवाजातून आडवी जात नाही. उभी करून आणली.

२९ जुलै, नागपंचमी

खोलीत ८४, पेटीत ८२, सगळ्या चकत्या उघड्या. कोकोपीटवर एका कोपऱ्यात पांढरी बुरशी, कापसासारखी. तेवढा भाग वितभर काढून फेकला. थर चार इंचांवरून दीडवर आणला. पावसाळ्यात पेटीत ओल साठवायचीच नसते, हवा देते तेवढी पुष्कळ. पेटी पुसायला कोमट पाणी आणि अगदी पातळ केलेलं ब्लीच, मग स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण कोरडी. फिनाईल नाही.

शेजारच्या काकू दूध-लाह्यांची वाटी घेऊन आल्या. साप दूध पीत नाही हे सांगितलं. “मला म्हाईत हाय, वाटी दारात ठेवते, आत कोण नेतंय?” असं म्हणून हळदकुंकू काचेच्या ट्रॅकला लावून गेल्या. ट्रॅकमधलं कुंकू काढायला जुना ब्रश लागला.

१७ ऑगस्ट

पोटाच्या खवल्यांवर तांबूस-तपकिरी डाग, चार-पाच खवले. बोटाने दाबलं तर खालचं कातडं नरम. स्केल रॉट, ओल्यावर पडून राहिल्याने होतो. पण वरचा थर कोरडा असताना? शोधल्यावर सापडलं : गुंडी रात्री पाण्याच्या भांड्यावरून जाते, भांडं काठोकाठ भरलेलं असल्याने सांडतं, आणि भांड्यापाठीमागची जागा कायम भिजलेली. तिथेच ती दिवसा टेकून बसते. मीटरचा प्रोब तिथून दोन फुटांवर, त्याला याचा पत्ताच नाही.

लगेच कोकोपीट काढून साधी कागदी घडी अंथरली, रोज बदलायची. गरम बाजू ३२ वर पक्की केली. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी धुवायचं द्रावण आणि मलम दिलं. भांडं आता जड, अर्धंच भरलेलं, आणि सिरॅमिक टाइलच्या तुकड्यावर. गाडगं काही दिवस बाहेर.

तोंड उघडून श्वास घेणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाकाशी बुडबुडे, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. गार आणि दमट मिळून छातीचा संसर्ग होतो. गुंडीला तसं काही नव्हतं.

२८ सप्टेंबर

अतिवृष्टीने सगळीकडे हाहाकार आहे. दुकानात बसून लोकांच्या वाहून गेलेल्या सोयाबीनचं ऐकतोय, सापाच्या नोंदी लिहायला मन होत नाही. पेटी ठीक. डागांवर नवे खवले कात टाकल्यावर स्वच्छ आले.

१४ डिसेंबर

पहाटे खोलीत १४. परभणीची थंडी मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. आता पेटी गरम करायचं काम, म्हणजे व्हिडिओवाल्यांच्या वाटेवर आलो.

१०० वॉटचा सिरॅमिक हीटर, ६५० रुपये, आणि ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा एसटीसी-१००० थर्मोस्टॅट, ७५०. हीटरभोवती जाळीचा पिंजरा लागतोच, साप त्याला विळखा घालून भाजून घेतो आणि सोडत नाही. थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावणं म्हणजे पेटीत शेगडी ठेवणं.

हीटर लागला आणि आर्द्रता कोसळली. पाणी कुठे गेलं नाही : २५ अंशांच्या हवेत ६० टक्के असलेली ओल ३२ अंशांना नुसती तापवली की ४० टक्के दाखवते. म्हणून प्रोबची जागा गार बाजूला पक्की आणि गरम बाजूचा आकडा बघून घाबरायचं नाही. कोकोपीटचा थर परत चार इंच, गाडगं परत आत, चकत्या तीन बंद.

पेटीला बाहेरून, पाठीला आणि छताला थर्माकोल चिकटवलं, हीटरच्या जागेपासून वीतभर सोडून. टीव्हीच्या खोक्यातलं होतं, फुकट. हीटर आता सारखा लागत नाही आणि जितका कमी लागेल तितकी ओल टिकते. सकाळी काचेच्या आतल्या बाजूला खालच्या कडेने थोडं बाष्प धरतं, नऊपर्यंत जातं. दुपारीही राहिलं तर एक चकती उघडायची.

११ जानेवारी २०२६

नांदेडच्या एका मित्राने या नोंदी वाचून तशीच पेटी केली : चार इंच ओलं कोकोपीट, पुरलेलं गाडगं, बंद चकत्या, मीटरवर ६८. फोटो आला तेव्हा आत केनियन सँड बोआ होता. तो कोरड्या भागातला, वाळूत पुरून राहणारा साप. त्याला सांगितलं ते इथेही लिहितो : आजच सगळं उपस, पेटी पुसून दिवसभर उघडी ठेव, कोरडा भुसभुशीत थर घाल, चारही चकत्या उघड. पाण्याचं भांडं लहान आणि गार बाजूला. गाडगं राहू दे, पण कोरडं. पोटाचे खवले उजेडात बघून फोटो पाठव.

फोटो संध्याकाळी आला, पोट स्वच्छ आहे. त्याचं मीटर गोल काट्याचं आहे, मिठाची पिशवी त्याने रात्री लावली असेल.